कापडाचा दोष

शिर्केसाहेबांनी आमच्या ऑफिसात कुणालाही कधी "हे घ्या" असं सांगितलं नाही. तरी लोक विचारायला त्यांच्याच टेबलाशी जायचे. कुणाला फ्रिज घ्यायचा असे, कुणाला मुलीसाठी स्कूटी, कुणाला गच्चीवर ठेवायची पाण्याची टाकी. साहेब हातातल्या पेनाला टोपण लावत आणि दोन्ही तळवे वर करून टेबलावर ठेवत. डावा तळहात म्हणजे एक वस्तू, उजवा म्हणजे दुसरी. "आता असं आहे," म्हणून सुरुवात होई. एकेक गुण सांगताना तो तो हात जरा खाली जाई, दोष सांगताना वर येई. पाहणाऱ्याला खरंच काहीतरी तोललं जातंय असं वाटे. शेवटी दोन्ही हात बरोबरीत आणून ते म्हणत, "दोन्ही बाजू तुमच्यासमोर आहेत. घर तुमचं, गरज तुमची."

"अरे पर लेना क्या है, साहब?" विचारणारा वैतागून म्हणे. साहेब हसत आणि पेनाचं टोपण काढून कामाला लागत.

त्यांचं पूर्ण नाव मुकुंद शिर्के. आम्ही एकाच सरकारी ऑफिसात होतो, टेबलं शेजारी शेजारी, आणि राहायलाही दोघं इंदूरच्या मल्हारगंजातच, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. मला ते मुजुमदारबाई म्हणत. माझं लग्न होऊन मी जोशी झाल्याला बरीच वर्षं झाली होती, पण त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मुजुमदार होते आणि त्यांच्या मते एकदा नीट नोंदलेली गोष्ट उगाच बदलायची नसते. पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते असं ते सांगत. मग लगेच जोडत, "कोणत्या हुद्द्यावर ते नक्की माहीत नाही, म्हणून मोठं काही समजू नका." खोटं तर सोडाच, वाढवून सांगितलेलंही त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. दुसऱ्याने वाढवून सांगितलेलं ते मधेच थांबवून छाटत, आणि त्यामुळे लग्नाकार्यात त्यांच्या शेजारी बसायला माणसं जरा बिचकत.

एकदा ऐन मे महिन्यात त्यांच्या घरातला पंखा जळाला. साहेब नवा पंखा पाहायला लागले. दुकानं झाली, ज्यांच्याकडे तसे पंखे होते त्यांची घरं झाली. एका ओळखीच्यांच्या घरी तर ते दुपारी जाऊन पंख्याखाली अर्धा तास पडून आले. घरात पंखा लागेपर्यंत पावसाळा तोंडावर आला होता, आणि तोवर नलूवहिनी गच्चीवर झोपत होत्या. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा वहिनी पोह्यांवर शेव घालता घालता मला म्हणाल्या, "माझ्या वेळी ह्यांनी लगेच होकार कसा दिला कोण जाणे. माझ्याबरोबर तुलनेला दुसरी कोण होती, ते अजून सांगितलेलं नाही."

साहेब आतल्या खोलीत होते. तिथूनच उत्तर आलं, "दुसरी कोणी नव्हती." विनोदाचा सूर त्यात अजिबात नव्हता. वहिनी माझ्याकडे पाहून हसल्या आणि उरलेली शेव त्यांनी साहेबांच्या बशीत घातली.

त्यांची एकुलती एक मुलगी रेवा. तंबूचं खूळ आणलं ते तिनेच. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, मैत्रिणींबरोबर कुठल्याशा डोंगरावर तंबूत राहून आली होती, आणि आल्यावर तिने आईला विचारलं, "तू कधी बाहेर झोपली आहेस? मतलब, आकाशाखाली?" वहिनी म्हणाल्या, गच्चीवर. रेवा म्हणाली, गच्ची धरायची नाही. मग असं ठरलं की डिसेंबरात तिघांनी साहेबांच्या मित्राच्या, पाटीदारांच्या शेतावर जायचं. शेत बेटमा गावाच्या पुढे होतं. तिथे विहीर, पंपाची खोली, चार लिंबाची झाडं आणि सभोवती गहू. रेवाला मैत्रिणीचा तंबू मागून आणता आला असता, पण वहिनी म्हणाल्या की आवडलं तर दर वर्षी जाऊ, आपला स्वतःचा घेऊ, ज्यात सरळ उभं राहून साडी नेसता येईल असा. एवढी मोठी मागणी त्यांनी नवऱ्याकडे पहिल्यांदाच केली होती.

साहेब कामाला लागले. मल्हारगंजात ताडपत्र्या आणि मांडवाचं कापड विकणारं एक दुकान होतं. तिथून त्यांनी दोन दिवसांच्या बोलीवर एक जुन्या पद्धतीचा कॅनव्हासचा तंबू आणला. रेवाने मैत्रिणीकडून सिंथेटिकचा आणला. एका रविवारी सकाळी दोन्ही तंबू त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर शेजारी शेजारी उभे होते आणि मला पोहे खायला बोलावणं आलं.

कॅनव्हासचा उभा करायला साहेब, रेवा आणि खालचा भाडेकरू असे तिघं लागले. लोखंडी दांडे, जाड दोऱ्या. आत गेलं की अंधार आणि शांतता, शेणानं सारवलेल्या खोलीत असते तशी. सिंथेटिकचा रेवाने एकटीने उभा केला. त्याला तळ शिवलेला होता, कडेने चेन होती, आत निळा उजेड पडे आणि वारा आला की कापड फडफडे. साहेबांनी दोन्हींवर बादलीने पाणी ओतलं. कॅनव्हासमधून आधी थेंब गळाले, मग धागे फुगले आणि गळणं थांबलं. सिंथेटिकवरून पाणी ओघळून गेलं. मग त्यांनी दुकानातून आणलेले दोन्ही कापडांचे तुकडे घेऊन त्यांना पेटती उदबत्ती लावली. कॅनव्हासवर काळा डाग पडला. सिंथेटिकला भोक पडलं, कडा वितळून घट्ट झाल्या.

"हे बघ," ते रेवाला म्हणाले. "ठिणगी उडाली तर कॅनव्हास डाग पाडून सांगतो, हा न सांगताच वितळतो. शेतावर कोळशाची सिगडी असेल, ती ह्या कापडापासून लांब ठेवायची. नीट लक्षात ठेव."

रेवा हो म्हणाली.

आदल्या रात्री तिघांनी सिंथेटिकच्या तंबूत झोपून पाहिलं होतं. सकाळी आतून कापडाला पाणी सुटलं होतं. साहेबांनी मला आत नेऊन बोट फिरवून दाखवलं. "हा आपल्या श्वासाचा ओलावा आहे. आतली हवा बाहेर जात नाही. कॅनव्हासमध्ये असं होत नसावं." मी म्हटलं, मग गाद्या ओल्या होतील. ते म्हणाले, "हां, तेवढा त्रास आहे." त्या ओल्या कापडासमोर आम्ही दोघं उभे होतो आणि आम्हाला गाद्याच दिसल्या.

मग तळवे वर आले. डावा कॅनव्हास, उजवा सिंथेटिक. पण या वेळी वहिनींनी त्यांना पुढे जाऊ दिलं नाही. त्यांनी कॅनव्हासची गुंडाळी दोन्ही हातांनी उचलून पाहिली, ती हलली नाही. "हा ओला झाला तर वाळवणार कोण? मीच ना? बुरशी आली तर घासणार मी. हलका घ्या." साहेब तळवे खाली घेऊन म्हणाले, "बरोबर आहे." तसला, पण उभं राहता येईल एवढा सिंथेटिकचा तंबू घरी आला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. काही त्यांच्याकडून, काही रेवाकडून, काही पाटीदारांकडून.

त्या आठवड्यात माळव्यात कडाक्याची थंडी पडली होती. शेतावर त्यांनी वांग्याचं भरीत केलं, सिगडीवर बाट्या भाजल्या. वहिनी खूप बोलत होत्या म्हणे. त्यांच्या माहेरच्या गोष्टी, रेवाने कधी न ऐकलेल्या. जेवण झाल्यावर साहेब भांडी घेऊन पंपाच्या खोलीकडे गेले. वहिनी तंबूत शिरल्या आणि म्हणाल्या, पाय बर्फ झालेत. सिगडीत निखारे होते, धूर उरला नव्हता. रेवाने स्टीलची परात आत ठेवली, परातीत सिगडी ठेवली, आणि चारही बाजूंच्या कापडापासून ती लांब आहे ना हे वाकून पाहिलं. साहेब परत आले. त्यांनी सिगडी पाहिली, परात पाहिली, हाताने कापडापर्यंतचं अंतर मोजलं. "ठीक आहे," म्हणाले. मग वारा येत होता म्हणून खिडकीची झडप लावली आणि चेन ओढली.

पहाटे साहेबांना मळमळून जाग आली. भरीत बाधलं असं वाटलं. ते चार पायांवर रांगत दारापर्यंत गेले, चेन वर ओढली आणि अर्धे बाहेर, अर्धे आत असे पडले. उलटी झाली. गवत गार होतं, बरं वाटलं, म्हणून तसेच पडून राहिले. रेवा दाराजवळ झोपली होती. वहिनी सगळ्यात आत, जिथे वारा लागणार नाही अशा जागी होत्या. ती जागा त्यांना साहेबांनीच दिली होती. उजाडल्यावर पाटीदार दूध घेऊन आले.

रेवा वाचली. वहिनी गेल्या.

मी हॉस्पिटलात रेवाचे कपडे घेऊन गेले तेव्हा ती शुद्धीवर होती. आई गेल्याचं तिला सांगून झालं होतं. डॉक्टर नुकतेच येऊन कोळशाच्या वायूबद्दल बोलून गेले होते. साहेब पलंगाच्या पायथ्याशी लोखंडी दांडी धरून उभे होते. रेवाने विचारलं, "बाबा, मी सिगडी आत आणली म्हणून?"

"नाही," साहेब म्हणाले. "कापड. कापडाने वायू कोंडून धरला. कॅनव्हास असता तर बाहेर गेला असता, काही झालं नसतं. तंबू मी निवडला, बेटा. माझी चूक आहे."

ते इतक्या ठामपणे बोलले की मलाही ते खरं वाटलं. साहेबांनी सांगितलेलं तपासून पाहायची आम्हा कुणाला सवयच नव्हती. रेवाने डोळे मिटले आणि ती रडायला लागली. तोवर ती रडली नव्हती.

वहिनींचे भाऊ, सुरेशमामा, देवासला राहत. तेराव्याला सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "असं कसं झालं?" साहेबांनी तेच सांगितलं. चुकीचा तंबू घेतला. कॅनव्हास समोर होता, तो सोडून हलका घेतला. हलका घ्या म्हणणाऱ्या वहिनी होत्या, हे त्यांनी सांगितलं नाही. सिगडी कुणी आत नेली, हेही नाही. मामा म्हणाले, "म्हणजे सोय पाहिलीत. माझी बहीण तुमच्या सोयीनं गेली." साहेब म्हणाले, "हो." त्या दिवसापासून मामांनी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. रेवाला मात्र मामा-मामींनी पोटाशी धरलं. सुट्टी लागली की ती देवासला जाई. मामी तिच्या केसांना तेल लावे, तिच्यासाठी स्थळं पाहण्याच्या गोष्टी करी. साहेब तिला बसमध्ये बसवून देत आणि मामांच्या दारापर्यंत न जाता परत फिरत.

ऑफिसात साहेब पहिल्यासारखेच वेळेवर यायचे. फरक एवढाच पडला की कुणी फ्रिजबद्दल विचारलं तर ते म्हणत, "दुसऱ्या कुणाला विचारा भिया, मला त्यातलं कळत नाही." पण तंबूचा विषय निघाला तर ते स्वतः उठून जात. सहलीला जाणारे कुणी ना कुणी असतातच. त्यांच्यासमोर उभं राहून साहेब म्हणत, "कॅनव्हास घ्या. जड असू दे. कॅनव्हासच घ्या." लोक मान हलवत. ज्यांना माहीत होतं ते खाली पाहत.

पुढच्या थंडीत एका शनिवारी त्यांनी मला विचारलं, "मुजुमदारबाई, उद्या सकाळी गच्चीवर याल का? रेवा देवासला आहे. मला एक गोष्ट पाहायची आहे, आणि एकट्यानं पाहू नये असं वाटतं."

मी गेले तेव्हा गच्चीवर पुन्हा दोन तंबू उभे होते. एक नवीन कॅनव्हासचा, त्यांनी विकत आणलेला. दुसरा तो निळा. पोलिसांनी पंचनाम्यानंतर परत दिलेला. मला त्याच्याकडे पाहवेना. जिन्याच्या तोंडाशी सिगडी पेटत होती आणि त्यांच्या हातात एक पांढरी डबी होती. हवेत कोळशाचा वायू वाढला की वाजणारं यंत्र, असं त्यांनी मला समजावून सांगितलं.

"तुम्ही आत बसणार असाल तर मी आत्ताच खाली जाते," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बसायचं त्यांच्या मनात होतं, हे मला त्यावरून कळलं. "नाही बसत," ते म्हणाले.

आधी निळ्या तंबूत सिगडी आणि डबी ठेवली, चेन ओढली. आम्ही कठड्याशी दोन स्टुलांवर बसलो. खाली गल्लीत भाजीवाला ओरडत होता, कुणीतरी स्कूटर धूत होतं. यंत्र वाजायला लागलं. साहेब उठले, नाकाला रुमाल लावून त्यांनी सिगडी बाहेर काढली, दोन्ही झडपा उघडून दिल्या.

मग कॅनव्हास. दाराच्या दोऱ्या त्यांनी वहिनी थंडीत बांधतील तशा घट्ट बांधल्या, हे त्यांचेच शब्द. आम्ही बसलो. यंत्र वाजेना. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा ताणलेला होता आणि त्यात काहीतरी आशेसारखं होतं. मलाही वाटलं, न वाजो. आणि मग ते वाजलं. निळ्यापेक्षा उशिरा, पण वाजलं, आणि वाजतच राहिलं.

"उशिरा वाजलं," मी म्हटलं.

"हो. ती झोपेतच असती. उशिराचा तिला काय उपयोग झाला असता?"

त्यांनी तंबूत हवा खेळू दिली. मग बादल्या भरून आणल्या आणि कॅनव्हासवर पाणी ओतलं. "त्या रात्री दव पडलं होतं," ते म्हणाले. "धागे फुगतात. आपण इथेच पाहिलं होतं." ओल्या कॅनव्हासमध्ये सिगडी ठेवली आणि आम्ही पुन्हा स्टुलांवर बसलो. या वेळी यंत्र जवळजवळ निळ्याइतक्याच लवकर वाजलं.

त्यांनी सिगडी बाहेर काढली आणि परत येऊन बसले. तळवे मांडीवर उलटे पडले होते.

"म्हणजे कापडाचा दोष नव्हता," शेवटी ते म्हणाले.

मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक नव्हतं, साहेब. कुणालाच ठाऊक नव्हतं."

"मला ठाऊक नव्हतं, ते एका सकाळपुरतं ठीक होतं. हॉस्पिटलात मी जे बोललो ते मला खरं वाटत होतं. आता वाटत नाही." त्यांनी सिगडीवर पाणी ओतलं. वाफेचा लोट उठला. "रेवाला सांगू नका. तिच्यासाठी कापडच असू दे. आता ती रात्री झोपते. मामाकडे हसते, असं मामी फोनवर कुणाला तरी सांगत होती म्हणे."

मी सांगणार नाही असं म्हटलं. ज्या माणसाने पणजोबांचा हुद्दाही वाढवून सांगितला नाही, तो माणूस मला एक खोटं सांभाळायला सांगत होता, आणि ते सांगताना त्याची मान ताठ होती.

त्यानंतरही ते लोकांना "कॅनव्हास घ्या" असं सांगत राहिले, पण आता मला ते ऐकवत नसे. एकदा मी विचारलं, "आणि कुणी कॅनव्हास घेतला आणि आत सिगडी ठेवली तर?" ते म्हणाले, "मी म्हणतो ना त्यांना, सिगडी बाहेर ठेवा." म्हणत असत, हे खरं. पण ते हळू आवाजात म्हणत, आणि रेवा आसपास असेल तर म्हणत नसत.

असं आणखी एक वर्ष गेलं. रेवाचं शिक्षण संपलं, ती इंदूरलाच एका कंपनीत लागली. आमच्या ऑफिसात अभिजित म्हणून एक तरुण आला होता, लहान बाळाचा बाप. एका संध्याकाळी मी साहेबांकडे कागदांवर सह्या घ्यायला गेले असताना तो तिथे आला. खुशीत होता. येऊन सोफ्यावर बसला.

"सर, तुमचं ऐकलं. कॅनव्हासचाच घेतला. गाडीच्या डिक्कीत बसत नाही यार, वर बांधून न्यावा लागणार. आम्ही तिघं जाणार आहोत पुढच्या शनिवारी."

"छान," साहेब म्हणाले. रेवा चहा घेऊन आली आणि कप मांडू लागली.

"बायको म्हणत होती, बाळाला थंडी लागेल. मी म्हटलं, टेन्शन नको घेऊस. कॅनव्हास आहे, आत सिगडी ठेवली तरी हवा पास होते. सरांनी पूरी स्टडी केली आहे."

साहेबांनी रेवाकडे पाहिलं. मीही पाहिलं. ती चौथा कप ठेवत होती. मला वाटलं की साहेब नंतर अभिजितला बाजूला घेऊन सांगतील, जिन्यात सांगतील, फोनवर सांगतील. तसं करता आलं असतं. पण त्या बाळाची गोष्ट त्यांच्यासमोर होती आणि ती नंतरवर टाकणं त्यांना जमलं नाही.

"नाही," ते म्हणाले. "सिगडी आत न्यायची नाही. कॅनव्हास असला तरी नाही. कुठल्याच तंबूत नाही."

"पण सर, तुम्हीच तर..."

"मी करून पाहिलं आहे. दोन्ही तंबूंत सिगडी ठेवून पाहिली. दोन्हींत वायू साठतो. कॅनव्हास ओला असला तर तितकाच साठतो."

रेवाने ट्रे खाली ठेवला. "कधी पाहिलंत?"

"तू देवासला होतीस. गच्चीवर."

"आई गेल्यानंतर?"

"पुढच्या थंडीत."

ती अभिजितच्या समोरच्या खुर्चीवर बसली. आवाज अगदी साधा होता. "सिगडी मी आत नेली होती," ती त्याला म्हणाली. "आईचे पाय गार पडले होते. परातीत ठेवली होती, कापडाला लागू नये म्हणून." अभिजित अर्धा उठला, पुन्हा बसला. साहेब म्हणाले, "मी पाहिली होती. मी ठीक आहे म्हटलं. झडप मी लावली." रेवाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती अभिजितलाच म्हणाली, "बाळाला घेऊन जाऊ नका थंडीत. उन्हाळ्यात जा."

तो चहा न घेता गेला. मी निघाले तेव्हा रेवा वडिलांना विचारत होती, "इतकी वर्षं मामा तुमच्याशी बोलत नाही, ते कुणामुळे?" आणि साहेब म्हणत होते, "त्यानं काही बिघडत नाही." दोघांचेही आवाज चढलेले नव्हते. मी दार ओढून घेतलं.

पुढच्या रविवारी रेवा देवासला गेली आणि तिने मामांना सगळं सांगितलं. साहेबांनी तिला नको म्हणून सांगितलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासमोर हात जोडले होते. तिला वाटलं असावं की सत्य कळलं की मामा वडिलांकडे परत येतील. तसं झालं नाही. मामा साहेबांशी बोलायला लागले नाहीत, आणि रेवाशी बोलायचे थांबले. मामीने एकदा चोरून फोन केला, रडली, आणि पुन्हा फोन करू नकोस म्हणाली.

"मला हेच नको होतं, बाई," साहेब मला ऑफिसात म्हणाले. "माझ्यावर होतं ते बरं होतं. मला पेलत होतं." जेवणाचा डबा त्यांनी उघडून तसाच ठेवला होता.

रेवाही त्यांच्याशी बोलेनाशी झाली. आई गेल्याबद्दल नाही, असं ती मला म्हणाली. "त्याचा वाटा दोघांचा आहे, ते मला समजतं. पण बाबांनी मला खोट्यावर झोपू दिलं, काकू. मी तिकडे हसत होते. मामीच्या मांडीवर डोकं ठेवून हसत होते, आणि हे इथे एकटे सगळं ऐकून घेत होते. मला विचारलं असतं तर मी असं हसले असते का?" काही महिन्यांनी तिने नागपूरला बदली मागून घेतली.

साहेब निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांच्याबद्दल पुष्कळ चांगलं बोललं गेलं. एक जण म्हणाला, शिर्केसाहेब कधी खोटं बोलले नाहीत. साहेबांनी मान वर केली, ते वाक्य छाटायला ते उठतील असं मला वाटलं, पण ते बसून राहिले. नंतर ते मला क्वचितच दिसत. घरी गेले तर चहा स्वतः करून देत, रेवाबद्दल विचारलं तर म्हणत, "फोन उचलते. कामापुरतं बोलते. फोन उचलते, हे महत्त्वाचं."

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते खजराण्याच्या गणपतीला. बुधवार होता, गर्दी होती. मी दर्शन घेऊन बाहेर आले तर प्रसादाच्या दुकानांपलीकडे एका ओट्यावर साहेब बसले होते आणि शेजारी रेवा. ती आल्याचं मला माहीत नव्हतं. दोघांच्या मधे एक पिशवी होती. दोघं समोरच्या रस्त्याकडे पाहत होती, बोलत नव्हती. साहेब खूप वाळले होते, शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती आणि एका बाजूने स्वेटरमध्ये दुमडून गेली होती. रेवाचं लक्ष तिकडे गेलं. तिने हात पुढे केला, कॉलर बाहेर काढली, बोटांनी सरळ केली, आणि हात परत आपल्या मांडीवर घेऊन पुन्हा रस्त्याकडे पाहू लागली.

साहेब हलले नाहीत. मानही वळवली नाही. मी पुढे जाऊन त्यांना हाक मारणार होते, पण चपला हातातच धरून मी दुसऱ्या बाजूच्या रस्त्याने निघून आले.